नऊ खणांचं कपाट

काकींच्या स्वयंपाकघरातल्या त्या वस्तूला कपाट म्हणणं हा निव्वळ काकांवरचा लोभ होता. नवे पंप ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्या ठोकून काकांनी ते लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बनवलं होतं. कमरेइतकं उंच, तीन-तीन खणांच्या तीन ओळी. एका खणावर 'ही बाजू वर' असं छापलेलं अजून दिसायचं आणि त्यापुढचा बाण थेट जमिनीकडे. लोखंडात केसाइतका फरक खपवून न घेणारा हा माणूस लाकडात मात्र बोटभर बिनधास्त चुकायचा. पहिला खण उचलून ओढावा लागे, पाचव्याला गुडघ्याचा धक्का लागे, आणि आठवा बंद व्हायचं की नाही ते स्वतः ठरवायचा. मुठी मिळाल्या नाहीत म्हणून काकांनी नळांच्या जुन्या चाव्या बसवल्या होत्या. नवीन कुणी पाहुणी चमचा घ्यायला गेली की खण ओढायचं सोडून चावी फिरवत बसायची.

"फिरवू नका, ओढा," काकी म्हणायच्या. "आमच्याकडे नळाला चमचे येतात."

थट्टा त्यांनी बत्तीस वर्षं केली, पण कपाट बदलू दिलं नाही.

काका पंप दुरुस्त करायचे. घराला लागूनच पत्र्याची शेड, तेच त्यांचं दुकान. काकी शाळेच्या लायब्ररीत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी पुस्तकं लावली आणि पोरांना गप्प बसवलं, म्हणून पोरं त्यांना पाठीमागे 'गप्प बाई' म्हणत. डोळे मिटून हवं ते पुस्तक काढून देतील अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. अशा बाईला काकांची शेड म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. मधोमध एक बुटकं स्टूल आणि त्याच्याभोवती जमिनीवर सगळा पसारा: पाने, पकडी, हातोड्या, तेलाचे डबे, तारांचे तुकडे. काका त्या पसाऱ्याच्या मध्ये बसत आणि न बघता हात मागे टाकून हवी ती वस्तू उचलत. काकी उंबऱ्याच्या आत कधी गेल्या नाहीत. "जेवायला चला" एवढं सांगायचं आणि वळायचं. आत गेलं की पाय काळे होतात, असं त्यांचं म्हणणं.

सात महिन्यांपूर्वी काकांना झटका आला. पाय सावरला, काठीवर चालू लागले. उजवा हात उचलायचा, पण त्यातली पकड गेली. आणि बोलणं गेलं. उरले तीन शब्द: हो, नाही आणि उद्या. पहिले दोन सगळ्यांनाच लागतात. तिसरा बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगून सांगून इतका मुरला होता, की झटक्यालाही तो उपटता आला नाही.

डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. काका रोज सकाळी काठी टेकत शेडमध्ये जात आणि पसाऱ्याकडे बघत उभे राहत. खाली वाकता येत नव्हतं, आणि एवढ्या खाली बसलं तर उठता येणार नव्हतं. थोड्या वेळानं परत येत आणि खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसत. माणूस घरात आहे, पण घरात नाही, असं काकींना वाटायचं. या विचाराची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटायची.

एके दिवशी काकांनी हट्टानं वाकून पाना उचलला आणि तोंडावर पडले. ओठ फुटला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी लेक ऑफिसला जाता जाता धावत आली.

"आई, आज ओठावर निभावलं. उद्या डोकं फुटेल. कुलूप लाव त्या शेडला."

"आणि ते काय करतील?"

"आराम करतील! चौकातल्या रंगवाल्याला डबे ठेवायला जागा हवीच आहे. एक तारखेला बघायला येतोय. मी शब्द दिलाय त्याला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

हे खरं होतं, त्यामुळे काकींना जास्त राग आला. रागाच्या भरात त्या बोलून गेल्या, "ठीक आहे. एक तारखेपर्यंत त्यांनी एक पंप उघडून, दुरुस्त करून, चालवून दाखवला नाही, तर किल्ली मी स्वतः रंगवाल्याच्या हातावर ठेवीन. पण दाखवला, तर पुन्हा कुलपाचं नाव काढायचं नाही."

लेक लगेच हो म्हणाली. तिला बापाची माया कमी नव्हती, पण पंप होईल याची आशाही नव्हती. आतून काका म्हणाले, "उद्या." कुणाला म्हणाले ते कळलं नाही. एक तारखेला बावीस दिवस होते.

जमिनीवरची हत्यारं वर आली पाहिजेत, एवढं काकींना कळत होतं. लेकीनंच मोठ्या मनानं एक स्टीलचं रॅक आणून दिलं. ते उंच, किडकिडीत, आणि हात लावला की डुलायचं. वरच्या फळीपर्यंत काकांचा हात पोचेना आणि खालची फळी म्हणजे पुन्हा जमीनच. हताश होऊन काकी स्वयंपाकघरात आल्या आणि कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला हात न वाकता, न उचलता नेमका खणाच्या चावीवर पडलाय.

त्यांनी तिथल्या तिथे खण रिकामे करायला घेतले. प्रत्येक खणाचा वेगळा ढीग चादरीवर केला आणि रोपवालीला हाक मारली. रोपवालीची कोपऱ्यावर रोपवाटिका, तिच्याकडे हातगाडी होती. तिचा पंप जाम झालेला, चारशे कुंड्यांना बादलीनं पाणी घालून ती बाई अर्धी झाली होती.

"काकी, दुसरीकडे देता आला असता पंप," ती म्हणाली, "पण एकदा काकांच्या हाताची सवय झाली की दुसऱ्याचा हात पटत नाही."

कपाट हलवायला दोघी पुरल्या. शिव्या मात्र चार माणसांच्या लागल्या, आणि त्या सगळ्या रोपवालीनं एकटीनं पुरवल्या. काकांनी कधीकाळी बनवलेला चपलांचा स्टँडही काकींनी बरोबर घेतला. बूट कधीच मावले नव्हते त्यात, पाने तरी मावतील.

मग चार दिवस काकींनी पदर खोचून काम केलं. एकेक हत्यार रॉकेलमध्ये बुडवलं, घासलं, पुसलं. पेचकस सगळे पहिल्या खणात, लहान ते मोठा. पकडी दुसऱ्यात. हातोड्या तिसऱ्यात. कानशी, छिन्न्या, ब्रश, ज्याची त्याची जात एकत्र. पाने चपलांच्या स्टँडवर, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे उंचीप्रमाणे. दहा नंबरचे पाने चार निघाले, तेव्हा एक ठेवून तीन बाजूला काढले. लायब्ररीत जादा प्रती अशाच काढतात. वाकडी तार, पाइपचा तुकडा, सायकलीची कापलेली स्पोक असला कचरा पोत्यात भरून भंगारवाल्यासाठी फाटकाशी ठेवला. प्रत्येक खणावर वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली आणि वहीत यादी केली: एकूण नग एकशे त्रेचाळीस.

पाचव्या दिवशी काकांना हाताला धरून आणलं. काकांनी पहिला खण उचलून ओढला, पाहिला, ढकलला. दुसरा ओढला, ढकलला. असे नऊही झाले. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा श्वास वाढत गेला. शेवटी त्यांनी पाचवा खण खसकन ओढून बाहेर काढला आणि जमिनीवर उपडा केला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला.

"चार दिवस घासतेय मी!" काकी ओरडल्या. आयुष्यात त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "नखांतलं काळं जात नाहीये माझं! कुणासाठी करतेय हे?"

"नाही," काका म्हणाले. "नाही, नाही." डाव्या हातानं ते कपाटाकडे दाखवत, मग स्वतःकडे, आणि शब्द काही येत नव्हता. शेवटी अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "उद्या..."

काकी बाहेर पायरीवर जाऊन बसल्या आणि रडल्या. नवऱ्यासाठी थोडं, आणि खरं सांगायचं तर वाया गेलेल्या चार दिवसांसाठी बरंच.

त्याच दुपारी लेक आली. उपडा खण तिनं बघितला. आईला जरा आधार म्हणून तिनं चादरीवरचे ढीग उचलून स्वयंपाकघर स्टीलच्या रॅकवर छान लावून दिलं. झाकणं सगळी एका फळीवर, चमचे एका डब्यात, डबे उंचीप्रमाणे. शेवटी लेक कुणाची!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी चहा करायला उभ्या राहिल्या. लायटर सापडला तर पातेलं सापडेना. पातेलं सापडलं तर चहाचा डबा उंचीत तिसरा, साखरेचा सहावा. गाळणी चाळण्यांत जाऊन बसली होती आणि सांडशी वरच्या फळीवर. ती काढेपर्यंत दूध फसफसून शेगडीभर पसरलं.

"ही काय रचना झाली?" काकी एकट्याच करवादल्या. "सगळी झाकणं एकत्र घेऊन मी काय करू, वाजवू? चहाच्या खणात चहाचं सामान असावं! लायटर, गाळणी, सांडशी..."

आणि त्या थांबल्या. दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं, तिकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. लायब्ररीत त्यांनी सव्वीस वर्षं जातीप्रमाणे पुस्तकं लावली, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी तसं केलं नव्हतं. तिथे एका कामाला जे लागतं ते एकाच खणात असायचं. त्या नऊ खणांत बत्तीस वर्षं चमचे आणि झाकणं नव्हती. नऊ कामं होती. आणि काकांचा जमिनीवरचा पसारा म्हणजे दुसरं काय होतं?

काकींनी शेडमध्ये जाऊन सगळ्या चिठ्ठ्या उपटून काढल्या.

आता पंचाईत अशी की कोणत्या कामाला काय लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला सांगता येत नव्हतं. पण जीभ विसरली म्हणून हात विसरला असेल असं थोडंच आहे? लेकीच्या शाळेच्या वेळी काकांनी बनवलेलं अभ्यासाचं टेबल माळ्यावर पडलं होतं. ते रोपवालीच्या मदतीनं खाली आलं. लंगड्या पायाखाली फरशीचा तुकडा गेला, आणि पंप घट्ट आवळून धरणारा लोखंडी व्हाइस त्यावर बसला. त्यात रोपवालीचा पंप आवळला. एकशे त्रेचाळीस नग कपाटावर आणि टेबलावर पसरून ठेवले. काकांना खुर्ची दिली आणि काकी वही घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षं लोकांना गप्प बसवलेल्या बाईवर आता स्वतः गप्प बसायची पाळी होती. ती त्यांना फार जड गेली.

काका बराच वेळ पंपाकडे बघत राहिले. मग डावा हात हलला. आधी ब्रश. काकींना वाटलं होतं पेचकस. मग एक आखूड पेचकस, मग दहा नंबरचा पाना. काकांनी वस्तू खाली ठेवली की काकी ती त्याच क्रमानं पहिल्या खणात ठेवत. जिथे दोन हात लागत, तिथे काका अडत. पहिल्यांदा अडले तेव्हा त्यांनी काकींचा हात धरला, पंपाच्या झाकणावर ठेवला आणि वरून दाबला: इथे धर. काकींनी धरलं. हात काळे झाले, साडीही झाली. त्यांना काहीच वाटलं नाही.

पहिल्या दिवशी नुसतं झाकण आणि मागचा पंखा निघाला. पूर्वीचं पाच मिनिटांचं काम, सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी पाणी ओढणारं चाक निघालं आणि दुसरा खण भरला. तिसऱ्या दिवशी काकांचा हात पसाऱ्यावर फिरत राहिला, काहीतरी शोधत. "नाही," म्हणत. "नाही, नाही." काकींनी एकेक हत्यार पुढे केलं, सगळ्याला नाही. मग काकींना पोतं आठवलं. त्या फाटकाकडे धावल्या. भंगारवाला चार दिवस फिरकला नव्हता, त्याच्या आळशीपणाला त्यांनी मनोमन हात जोडले. पोतं जमिनीवर उपडं केलं तसा काकांनी काठीनं पाइपचा तुकडा दाखवला. बेअरिंग त्यावर ठेवूनच ठोकायचं असतं. वाकड्या तारेनं पाणी अडवणारं सील उपसायचं. स्पोकनं भोकातला गाळ काढायचा. आणि दहा नंबरचे चारही पाने हवे होते, कारण चार वेगवेगळ्या कामांत तो पाना लागतो, आणि एका कामातून उठून दुसऱ्या खणात कोण हात घालत बसणार?

"जादा प्रती म्हणे," काकी स्वतःलाच म्हणाल्या, आणि काका हसले. तोंड एकाच बाजूनं हसलं, पण हसले.

दिवस मात्र थांबत नव्हते. गंजलेलं बेअरिंग निघायलाच तीन दिवस लागले. एका दिवशी काकांना ताप आला, एका दिवशी त्यांनी हत्यारांना हातच लावला नाही, भिंतीकडे तोंड करून बसले. काकींनी तो दिवस कसा काढला ते त्यांनाच माहीत. एकतीस तारीख उजाडली आणि मावळली, तरी पंप पुन्हा जोडून मिटायचा राहिलाच होता.

एक तारखेला सकाळी दूध तापवून काकी शेडमध्ये आल्या, तर काका आधीच येऊन बसलेले. दोघांनी काम सुरू केलं. पंप आदल्या दिवशीच व्हाइसमधून काढून कपाटावर घेतला होता. नवं सील बसलं, चाक बसलं. काकींनी झाकण दोन्ही हातांनी जागेवर दाबून धरलं. आता हललं तर सील कापलं जाणार. तेवढ्यात दारात लेक आली, मागे रंगवाला, त्याच्या हातात मोजायची टेप.

"आई?"

"हललं तर सील कापलं जाईल," काकी मान न वळवता म्हणाल्या. "मला हलता येत नाही."

काकांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी डावा हात बाजूला पसरला. तिथे रोज काकी असत आणि हातावर हत्यार ठेवत. आज तिथे लेक होती. तिनं गोंधळून आईकडे पाहिलं.

"सहावा खण," काकी म्हणाल्या. "डावीकडून सुरू कर."

लेकीनं खण ओढला. सहा वस्तू एका ओळीत मांडलेल्या. तिला एकीचंही नाव माहीत नव्हतं. तिनं पहिली उचलून बापाच्या हातावर ठेवली. काकांनी बोल्ट बसवला, हत्यार खाली ठेवलं, हात पुढे केला. तिनं दुसरी ठेवली. मग तिसरी. विचारायचं, शोधायचं काही कामच पडलं नाही. सहावी वस्तू ठेवली तेव्हा पंप मिटला होता. लेक ओठ चावून उभी होती. रंगवाल्यानं टेप केव्हाच खिशात घातली होती.

पंपाच्या तोंडाची नळी पाण्याच्या बादलीत सोडून लेकीनं बटण दाबलं. पंप गुरगुरला. काकांनी लांब पेचकसाचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले, डॉक्टर ऐकतात तसे. मग डोळे उघडून म्हणाले, "हो." त्याच वेळी दुसऱ्या नळीतून पाणी उसळलं आणि रंगवाल्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"मग मी माप..." रंगवाला पाय झटकत म्हणाला.

"नको," लेक म्हणाली. "माफ करा, मी न विचारताच तुम्हाला शब्द दिला होता. हे दुकान चालू आहे."

रंगवाला भला माणूस. "दिसतंय की," म्हणाला आणि गेला.

काकींनी झाकणावरून हात काढले. बोटं आखडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला एकही स्वच्छ बोट नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला होता की बसावं की उभं राहावं कळेना.

काका उठले. काठी टेकत टेबलापाशी गेले, खुर्चीत बसले आणि व्हाइसवर टाकलेलं पोतं बाजूला केलं. खाली एक निळा पंप आवळलेला होता, सात महिने कोपऱ्यात पडून राहिलेल्यांपैकी एक, काकींनी आदल्या संध्याकाळी तिथे आवळून ठेवलेला. त्यांनी डावा हात लेकीपुढे पसरला.

लेकीनं घड्याळाकडे पाहिलं. ऑफिसची वेळ टळून गेली होती. तिनं बाह्या वर केल्या आणि पहिला खण ओढला.

"नाही," काका म्हणाले.

काकी पुढे झाल्या. निळ्या पंपाचं झाकण निघालेलं होतं. मागचा पंखाही. चार स्क्रू एका डब्याच्या झाकणात ओळीनं ठेवलेले. काकींनी ते उघडलं नव्हतं. दुसऱ्या कुणीही उघडलं नव्हतं. त्या दूध तापवत होत्या, तेवढ्या वेळात.

"पहिला नको गं," काकी लेकीला म्हणाल्या. "दुसरा दे. पहिल्याचं काम त्यांनी एकट्यानं उरकलंय."